पिवळी फुलपाखरे हवीत, पण अळ्या नकोत?

पावसाळ्यात काही वेळा कॉमन एमिग्रंट या फिकट पिवळ्या फुलपाखरांची संख्या एकाएकी वाढते आणि ती मोठ्या संख्येने एकाच दिशेने उडू लागतात. तेव्हा सगळीकडे त्यांचे फोटो झळकतात. मात्र त्याच सुमारास अनेक सोसायट्यांमध्ये बहाव्यावर अळ्या आल्या म्हणून फवारणी केली जाते. त्या हिरव्या अळ्या बहुतेकदा याच फुलपाखराच्या असतात, हे किती जणांना ठाऊक असते?

या फुलपाखराची मादी बहाव्याच्या आणि कासोदाच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते. पुढे अळी ती पालवी फस्त करते, झाड काही दिवस ओकेबोके दिसते आणि पुन्हा पालवते. या फुलपाखराचे रूपही मोठे फसवे आहे. काहींच्या मिशा काळ्या, तर काहींच्या लालसर असतात आणि या लालसर मिशांवाल्यांच्या पंखांखाली रुपेरी ठिपके दिसतात. त्यामुळे 1775 मध्ये या दोन रूपांना पोमोना आणि क्रोकेल अशी वेगळी नावे मिळाली, आणि पुढे दोन्ही एकाच जातीची ठरली. त्याचा भाऊबंद मॉटल्ड एमिग्रंट टाकळ्यावर वाढतो. टाकळ्याची कोवळी भाजी आपण आवडीने खातो, पण तोच टाकळा कंबरेएवढा झाला की आपल्याला तो 'माजलेले रान' वाटू लागतो!

अळीचे फुलपाखरू झाल्यावर त्याला मधुरसही हवा, आणि शहरात तो प्रामुख्याने एकदांडी व घाणेरीवर मिळतो. या दोन्ही वनस्पती मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या आहेत. जंगलात देशी झाडोऱ्याला गुदमरवणारी घाणेरी काढलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रस्त्याकडेच्या वीतभर एकदांडीवर ऐन फुलोऱ्यात यंत्र फिरवून काय साधते, ते मला कळलेले नाही. उद्यानात 'फुलपाखरू उद्यान' अशी पाटी लावून केवळ शोभेची फुलझाडे लावायची आणि बाहेरच्या मोकळ्या भूखंडावरचा टाकळा मुळासकट उपटायचा, हा प्रकार तर मला निव्वळ दिखाऊ वाटतो, कारण उद्यानात फुलपाखरू येऊन मधुरस पिईल, पण अंडी घालायला त्याला दुसरीकडेच जावे लागेल.

रस्त्याकडेचे गवत कापायचेच असेल, तर जिथे वाहनचालकांच्या दृष्टीच्या आड काही येत नाही तिथे टाकळ्याच्या शेंगा वाळेपर्यंत थांबावे, आणि बहाव्यावर फवारणी करण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत आला, तर सभासदांनी तो नामंजूर करावा.