क्रोनसच्या पाठीवरचं मंदिर

ग्रीक पुराणकथांवर बेतलेला ‘गॉड ऑफ वॉर’ हा व्हिडिओ गेम म्हणजे नुसती मारधाड, असं त्याच्यावरच्या लेखात म्हटलंय; ते मत अजिबात पटलं नाही. २००५ चा पहिला भाग आम्ही सोलापुरात नवी पेठेतल्या एका गेम पार्लरमध्ये प्लेस्टेशन २ वर खेळायचो. गेममधल्या वाळवंटात वादळामुळे समोरचं काही दिसत नाही. सायरनांचं, म्हणजे गाण्यानं भुरळ घालणाऱ्या राक्षसिणींचं, गाणं कुठून येतंय ते कान देऊन ऐकायचं नि तिकडं चालत सुटायचं. पार्लरच्या त्या गोंगाटात सगळे गप्प बसायचे! मग शिंग फुंकलं की क्रोनस हा महाकाय टायटन रांगत येतो, पाठीवर साखळदंडांनी बांधलेलं पँडोराचं (ग्रीक कथेतली पहिली स्त्री) अख्खं मंदिर घेऊन. ग्रीक कथेत देवांचा राजा झ्यूस आपल्या बापाला, म्हणजे या क्रोनसला, टार्टारस नावाच्या पाताळात कोंडतो. पाठीवरच्या ओझ्याची ही शिक्षा गेमवाल्यांनी रचलेली, आणि मूळ कथेच्या तोडीची. यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.