रडण्याने साक्ष बिघडते म्हणे

आज संध्याकाळी एका सांत्वनसभेहून परतले आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एका चौतिशीच्या मुलीचे यजमान गेल्या महिन्यात प्रभूमध्ये निजले. प्रार्थना झाली, दोन गीते झाली आणि तिला हुंदका आवरेना, तेव्हा शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी तिचा हात दाबून म्हटले, "रडू नकोस बाळा, बाहेरचे लोक बसले आहेत, साक्ष बिघडते." साक्ष म्हणजे आपल्या वागण्यातून इतरांना दिसणारा आपला विश्वास. ती तत्काळ गप्प झाली. निघताना मी तिच्या हाती एक इंग्रजी कादंबरी ठेवली, तर त्याच बाईंनी ती घेतली, उलटसुलट पाहिली आणि मला परत केली. "विधवेला प्रेमकथा कसली देतेस? आत्ता तिला शास्त्रवचनाची गरज आहे."

ती कादंबरी म्हणजे कॅनडाच्या जॅनेट ओक यांची १९७९ साली आलेली 'लव्ह कम्स सॉफ्टली'. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर नवऱ्याबरोबर नशीब काढायला निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते आणि त्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक अनोळखी विधुर तिच्यासमोर उभा राहून लग्नाचे विचारतो. त्याच्या आईवेगळ्या मुलीला सांभाळायला कोणीतरी हवे आहे, हिला हिवाळ्यापुरते छप्पर हवे आहे. वसंतात परत जावेसे वाटले तर गाडीचे भाडे मी देईन, असे तो सांगतो. मार्टीला त्याचा संताप येतो, आणि लेखिका तो संताप लगेच विझवत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. क्लार्क घराला लागून असलेल्या पडवीत झोपतो. मार्टीला पॅनकेकखेरीज काही करता येत नाही, म्हणून तो दिवसच्या दिवस तेच खातो. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी तो पवित्र शास्त्र वाचून मोठ्याने प्रार्थना करतो, पण तिच्या दुःखावर एकही वचन फेकून मारत नाही.

मला हे पुस्तक माझ्या मावशीकडून मिळाले. मावशी एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली, आणि तीन वर्षांनी नगरच्याच एका विधुराशी, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीसाठी म्हणून, तिचे लग्न झाले. नव्या घरी जाताना तिने पहिल्या काकांची सायकल बरोबर नेली. ती कोणी चालवत नसे. अंगणात भिंतीला टेकून उभी असे. दुसरे काका दर रविवारी उपासनेहून आले की कोट काढून आधी त्या सायकलीत हवा भरत, आणि पाऊस आला की ती ओसरीवर घेत. त्याविषयी ते कधी एक शब्द बोलले नाहीत. कोणाला ही प्रेमकथा वाटत नसेल तर मला त्यांच्याशी वादच घालायचा नाही.

आणि वचनाची गरज म्हणता, तर बायबलमधले रूथचे पुस्तक काय आहे? नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमात परतलेली नामी गावातल्या बायांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कारण सर्वसमर्थाने माझे आयुष्य कडू करून टाकले आहे. तिला कोणी साक्षीची आठवण करून देत नाही. तिचे ते कडू वाक्य शास्त्रात जसेच्या तसे राहिले, आणि त्याच चार अध्यायांत तिची विधवा सून रूथ शेतात सरवा वेचता वेचता त्या शेताच्या मालकाची, बवाजाची, बायको होऊन त्याच्या घरी पोहोचली. मला तर अशा साऱ्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या रूथच्याच लेकी वाटतात. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी स्वतः येशू रडला. त्याची साक्ष बिघडली का?

हे सगळे पाश्चात्त्यांचे चोचले, असेही कोणीतरी म्हणेल. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे, विधवाविवाहाचा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षीचे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती एका ख्रिस्ती माणसाने विधवांच्या दुःखावर लिहिली, आणि तिची नायिका विधवा झाल्यावर पुन्हा लग्न करते. जे १८५७ साली छापता आले ते आज एका दिवाणखान्यात हातातून हातात देता येऊ नये?

या प्रकारात दोष आहेत, हे मान्य. ज्या जमिनीवर ही कुटुंबे घरे बांधतात त्या जमिनीचे मूळ लोक या पानांत जवळजवळ दिसतच नाहीत, आणि क्लार्कइतका सोशीक पुरुष मला तरी क्वचितच भेटला आहे. ज्यांत तीन प्रार्थना आणि एका बर्फाच्या वादळात दुःख बरे होते अशाही कादंबऱ्या ढिगाने आहेत. त्या मी कोणाला देणार नाही. पण मार्टीचे दुःख 'जात' नाही. त्याच्या शेजारी भांडी घासली जातात, मूल जन्मते, दुसऱ्याच्या मुलीची वेणी घातली जाते, आणि शेजारची ग्रॅहमबाई, जी स्वतः त्याच वाटेने गेलेली आहे, तिला एवढेच सांगते की प्रेम कधीकधी हळूहळू, नकळत येते.

मावशीच्या बाबतीत ते एका सोमवारी आले. दुसऱ्या काकांची स्वतःची सायकल पंक्चर होती, कामाला उशीर होत होता, आणि मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती घेऊन जा." काका म्हणे दोन मिनिटे अंगणात नुसते उभे राहिले. मावशीने मला हे सांगितले तेव्हा ती साठीची होती आणि ते सांगताना ती रडली, पहिल्या काकांसाठी की दुसऱ्या, ते मी विचारले नाही.

इतके लिहून झाल्यावर आईला फोन केला, त्या बाईंची तक्रारच करायची होती. आई म्हणाली, त्या स्वतः तिशीच्या आत विधवा झाल्या. दफनविधीत त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आले नाही, म्हणून मंडळीने त्यांचे केवढे कौतुक केले होते. आता मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. तरी त्या मुलीला जे म्हणाल्या ते चूकच होते.

पुस्तक माझ्या पिशवीत आहे. उद्या दुपारी डबा घेऊन तिच्याकडे जाईन तेव्हा पुन्हा नेईन. वाचायचे की नाही ते ती ठरवील.