‘मनाई नाही म्हणजे परवानगी’ हे वाचन चुकीचं आहे

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ. तो खेळणाऱ्या पुणेकरांत सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, शेवटच्याने तर ‘हे तुझ्यासाठीच आहे’ असं वर लिहून. म्हणणं थोडक्यात असं: शस्त्रांच्या नियमात जे नाकारलेलं नाही ते चालतं, शब्द संदिग्ध असेल तर संशयाचा फायदा खेळाडूला, आणि तलवारबाज पात्रांना ही मोकळीक द्यायलाच हवी, कारण त्यांचा जीवच धाडसात असतो. पुढे चार दाखले. मी नऊ वर्षं डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या आणि नियमांचा निवाडा करणाऱ्याच्या, खुर्चीत बसतोय. तलवारबाज मलाही सगळ्यांत जवळचे, म्हणूनच हा मेसेज नुसता सोडून द्यावासा वाटत नाही.

आधी मूळ सूत्र. शस्त्रांचे नियम बहुतेक ‘तुम्ही अमुक करू शकता’ अशा भाषेत आहेत. परवानगी मोजून दिली की बाकीचं आपोआप बाहेर राहतं. पतंजलीने महाभाष्यात, म्हणजे व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथात, हेच दाखवलंय. ‘पञ्च पञ्चनखा भक्ष्याः’, म्हणजे पाच नखांच्या प्राण्यांपैकी हे पाच खावेत, एवढं म्हटलं की इतर खाऊ नयेत हे कळतं. ते वेगळं सांगावं लागत नाही. (महाभाष्याची आवृत्ती सिद्ध करणारे जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न इथेच डेक्कन कॉलेजात शिकवत होते, त्यामुळे हा न्याय पुण्याला नवा नाही.)

पहिला दाखला रेपियर (लांब, सडपातळ तलवार) आणि डॅगर (खंजीर) यांचा. दोन्हींना फिनेस हा गुण आहे, म्हणून दोन हातांत दोन धरून बोनस ॲक्शनला, म्हणजे पाळीतल्या छोट्या जादा कृतीत, दुसरा वार करता येतो, असं मेसेज म्हणतो. फिनेसचा अर्थ एवढाच की वारासाठी ताकद वापरायची की चपळाई, हे तुम्ही ठरवता. दुसऱ्या वाराचा संबंध लाइट (हलकं शस्त्र) या गुणाशी आहे. २०१४ च्या नियमांत दोन्ही हातांतली शस्त्रं लाइट लागतात. डॅगर लाइट आहे, रेपियर नाही. ड्युअल वील्डर हा फीट (पात्रासाठी निवडायचं खास कौशल्य) घेतला की अडचण सुटते, आणि २०२४ च्या नियमांतही वाट त्याच नावाच्या फीटमधून जाते. ही जोडी मला इतकी आवडते की नियम वेगळा असता तर मलाच आनंद झाला असता. पण इथे संदिग्ध काही नाहीच.

दुसऱ्या दाखल्यात मात्र खरी संदिग्धता आहे. रोग (Rogue) म्हणजे चलाखीने, संधी साधून वार करणारा पात्रप्रकार. त्याचा स्वॅशबकलर हा तलवारबाज सबक्लास (उपप्रकार) २०१५ मध्ये छापून आला. त्यातल्या रेकिश ऑडॅसिटी या क्षमतेचा मजकूर तेव्हा साधारण असा होता: लक्ष्य सोडून दुसरं कुणी तुमच्या ५ फुटांत नसेल, तर स्नीक अटॅकला (रोगच्या जादा फाशांच्या वाराला) ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेण्याची सवलत, लागत नाही. मग लक्ष्य स्वतः ५ फुटांत हवं की नको? यावर वाक्य गप्प आहे. त्या गप्प बसण्यातून मेसेजने काढलेला अर्थ असा: डोलकाठीवर एकटेच चढून बसा, शॉर्टबो (छोटं धनुष्य) काढा, ८० फुटांपर्यंत कुणालाही टिपा, दर वेळी स्नीक अटॅक.

पण ‘लक्ष्य सोडून’ हे शब्द तिथे आहेत, ते लक्ष्य समोर, हाताच्या अंतरावर आहे असं धरूनच. २०१७ मध्ये हाच सबक्लास पुन्हा छापताना लक्ष्य ५ फुटांत असण्याची अट स्पष्ट घातली गेली. तेव्हा जुनं वाक्य हातात धरून आज भांडणं म्हणजे दुरुस्त झालेली चूक जपून ठेवणं आहे.

आणि संशयाचा फायदा खेळाडूला म्हणता, तर कोणत्या खेळाडूला? टेबलाभोवती पाच जण असतात. मी स्वतः एकदा हा सैल अर्थ चालवून घेतला होता. कोथरूडमधला फ्लॅट, रविवारची दुपार, नकाशावर जहाज. आमच्यातली सगळ्यांत लहान मुलगी तेव्हा अकरावीत होती आणि फायटर (योद्धा) खेळत होती. तिने अख्खी पाळी खर्च करून डेक ओलांडला आणि शत्रूच्या कप्तानाशेजारी जाऊन उभी राहिली. लक्ष्याशेजारी आपला सोबती असला की कुठल्याही रोगला स्नीक अटॅक मिळतो, हे तिला पाठ होतं. डोलकाठीवरच्या रोगने बाण सोडला, शॉर्टबोचा एक डी६ (सहा बाजूंचा फासा) आणि वर स्नीक अटॅकचे तीन डी६. तिने त्याला विचारलं, “दादा, मी इथे आले नसते तरी तुला हे तीन फासे मिळाले असते?” तो म्हणाला, “हो.” तिने मान हलवली आणि उरलेली लढाई ती फारसं बोलली नाही. मूळ नियमात ॲडव्हान्टेज नसेल तर रोगला एक तर स्वतः जवळ जाऊन जोखीम घ्यावी लागते, नाहीतर सोबती लागतो. सैल अर्थाने दोन्ही काढून टाकलं, आणि ते मी होऊ दिलं याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरा दाखला २०२४ च्या लाइट गुणाचा, आणि इथे मेसेजची बाजू भक्कम आहे. नव्या मजकुरात जादा वार ‘वेगळ्या लाइट शस्त्राने’ करायचा एवढंच आहे, ‘दुसऱ्या हातातल्या’ हे शब्द गेले. शस्त्राचा निक हा गुण वापरला की तो वार बोनस ॲक्शनऐवजी अटॅक ॲक्शनमध्येच, म्हणजे वार करायच्या मुख्य कृतीतच, येतो, आणि त्या ॲक्शनमधल्या प्रत्येक वाराबरोबर एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं. म्हणजे एका हातात ढाल कायम ठेवून, दुसऱ्याच हाताने शॉर्टसोर्ड (आखूड तलवार) म्यान करून डॅगर उपसायचा. अक्षरशः वाचलं तर हे बसतं, मी नाकारत नाही. पण त्याच गुणाखाली दिलेलं उदाहरण एका हातात शॉर्टसोर्ड आणि दुसऱ्यात डॅगर असंच आहे. शिवाय नियम सद्भावनेने, सगळ्यांची मजा डोळ्यांसमोर ठेवून वाचले जातील असं डीएमच्या पुस्तकात स्पष्ट गृहीत धरलंय. माझ्या टेबलावर मी उदाहरणाच्या बाजूने जातो. दुसऱ्या कुणी अक्षराच्या बाजूने गेलं तर त्याला चूक म्हणणार नाही. फक्त ते पहिल्या दिवशीच सांगावं.

राहिला दांडपट्टा. मेसेज म्हणतो, पातं लवचीक म्हणून फिनेस, लांब म्हणून रीच (जास्त अंतरावरून वार), हाताला बसवलेला म्हणून डिसआर्म होतच नाही, म्हणजे हातातून पाडता येत नाही. पुस्तकात हे शस्त्रच नाही, तेव्हा ‘मनाई नाही’ हा युक्तिवाद इथे लागूच पडत नाही. ते आपणच घडवायचं, आणि घडवायचं तर ते खरं कसं असतं ते बघून. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवणाऱ्याचा हात जवळून पाहा. मूठ पोलादी आवरणाच्या आत आडवी असते, मनगट जवळजवळ वळत नाही, वार खांद्यातून आणि कोपरातून येतो. तो हात दुसऱ्या कशालाच मोकळा नसतो.

म्हणून आम्ही मोहीम सुरू होण्याआधी बसून ठरवलं: रेपियरसारखा १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) पण कापणारा, फिनेस आहे, लाइट नाही, रीच नाही. डिसआर्म होत नाही, पण त्या हाताने दुसरं काही धरता येत नाही, आणि चढवायला किंवा उतरवायला ढालीसारखी एक पूर्ण ॲक्शन लागते. हे सगळ्यांच्या पात्रांच्या शीटवर लिहिलंय. तो दांडपट्टा आता त्याच मुलीच्या नव्या पात्राकडे आहे. मागच्या रविवारी जहाजाची दोरशिडी चढायची वेळ आली, तेव्हा मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “थांबा, आधी पट्टा उतरवते, माझी ॲक्शन गेली.” डोलकाठीवरचा दादा खाली उतरून तिच्याशेजारी उभा राहिला.