‘पाळी गेली, कटकट गेली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आलेला मेसेज : "पाळी गेली की बाईचं शरीर शांत होतं. हार्टचा त्रास पुरुषांना. बीपी म्हणाल तर वयात शंभर मिळवा, तेवढं नॉर्मल. पिशवीचं काम संपलं, काढून टाका, काळजी मिटली." खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग.

आधी हार्टचं. पाळी असेपर्यंत बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा कमी होतो, एवढं खरं. पण पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य संप्रेरक (हार्मोन), उतरलं की वाईट कोलेस्टेरॉल चढतं आणि चरबी मांड्यांवरून पोटावर सरकते. वजनकाटा फारसा हलत नाही. सांगते ती परकराची नाडी. शिलाईच्या डब्यातली टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही धोक्याची रेघ. माझी टेप ८७ वर थांबली तेव्हा मीही आधी टेपलाच नावं ठेवली.

बीपीचा हिशेब साफ चूक. साठीच्या बाईला १६० नॉर्मल नसतं. सतत १४०/९० च्या वर असेल तर तो उच्च रक्तदाबच, वय काहीही असो.

सगळ्यात घातक वाक्य पिशवीचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजारांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं गेली तर रजोनिवृत्ती ऑपरेशनच्या टेबलावरच येते. एरवी आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. इथे हृदय आणि हाडं कित्येक वर्षं आधीच उघडी पडतात. अंडाशयं ठेवली तरी ती अनेकदा लवकर थकतात. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर ‘बीएसओ’ लिहिलंय का बघा. असेल तर दोन्ही अंडाशयं काढलेली आहेत, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते सांगायला हवं.

हाडांबद्दल मेसेज गप्प आहे. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ती सगळ्यात झपाट्याने झिजतात, दुखत मात्र काहीच नाही. मग मोरीत पाय घसरतो, हात टेकतो, मनगट मोडतं. घरचे फरशीला दोष देतात. प्लास्टर निघायच्या दिवशी डॉक्टरांना डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचं विचारा.