एक्सएलआर केबल का दिली नाही: दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

"एक्सएलआर मागितली तर स्वस्तातली आरसीए गळ्यात मारली, आणि घरी स्पीकरमधून घूंऽऽ आवाज येतोच. मित्राकडे तोच डॅक एक्सएलआरवर कितीतरी छान वाजतो," असं तुम्ही लिहिलंय. (इतर वाचकांसाठी: डॅक म्हणजे डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा. एक्सएलआर ही तीन पिनची बॅलन्स्ड केबल, आरसीए ही साधी, एकाच सिग्नल-तारेची.) नवीन सिस्टिम घेऊन असा त्रास व्हावा, याचं वाईट वाटतं. केबलबद्दलचा सल्ला मात्र मी आजही तोच देईन.

बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांवरून जातो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हींवर सारखाच बसतो. पुढचा इनपुट दोन्हींतला फरक घेतो, त्यात गोंगाट गळून जातो. ही वजाबाकी केबल नाही, ॲम्प (ॲम्प्लिफायर) करतो, आणि तुमच्या ॲम्पला फक्त आरसीए सॉकेट आहेत. कनव्हर्टर लावून एक्सएलआर जोडली असती तर उलटा सिग्नल नेणारी तीन नंबरची पिन नुसती लोंबकळली असती, नाहीतर ग्राउंडला टेकली असती. ती अशी ग्राउंडला टेकणं काही डॅकना मानवत नाही. जास्त पैसे घेऊन हे विकणं मला पटत नाही. एक्सएलआर इनपुटचे ॲक्टिव्ह स्पीकर (आतच ॲम्प असलेले) सात-आठ मीटरवर असते, तर मीच बॅलन्स्ड घ्या म्हटलं असतं.

मित्राकडचा फरक तुम्हाला नक्कीच जाणवला असणार. बरेच डॅक आरसीएवर साधारण 2 व्होल्ट देतात आणि एक्सएलआरवर 4, म्हणजे 6 डेसिबल जास्त. मोठा आवाज कानाला मोकळा वाटतो. व्हॉल्यूम जुळवून पुन्हा ऐका.

आता घूं आवाज. तुम्ही टीव्हीही त्याच ॲम्पला जोडलाय ना? सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याकडून आलेली वायर काढून बघा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप. त्या वायरचं अर्थिंग वेगळं, घरचं वेगळं, आणि त्यांच्यातला 50 हर्ट्झचा करंट आरसीएच्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या आवरणातून) वाहतो. सिग्नलही त्याच शील्डवरून परततो, म्हणून तो ऐकू येतो. अशा वेळी त्या वायरवर हा लूप तोडणारा छोटा आयसोलेटर लावतात.

एक कळकळीची विनंती: कोणी सांगितलं तरी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढू नका. आवाज जाईलही, पण आत फॉल्ट झाला तर ॲम्पच्या बॉडीत करंट उतरेल. घरात मुलं असतात.

वायर काढल्यावरही आवाज राहिला तर डॅक आणि ॲम्प दुकानात घेऊन या. तुमच्यासमोर जोडून बघू.