फ्लोरा ही कुठल्या गव्हर्नरची बायको नव्हती हो!

तोच फॉरवर्ड परत फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या आठवड्यात तीनदा आला. म्हणे फ्लोरा ही मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची बायको, तिच्या हौसेखातर कारंजं बांधलं, पुढे ते पाडून तिथे हुतात्मा स्मारक झालं, त्याच चौकात एका दिवसात १०६ जण मारले गेले आणि आता जो कोणी "फ्लोरा फाउंटन" म्हणतो तो त्यांचा अपमान करतो. खाली "खरे मराठी असाल तर पुढे पाठवा". खरा मराठी आहे, पाठवणार नाही.

बायकोचं आधी. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी, कारंज्याच्या टोकावर उभी आहे ती तीच. तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर, आणि त्यांच्या बायकोचं नाव कॅथरिन. घोळ कुठे झाला असेल ते कळतं म्हणा, कारण कारंज्याला आधी फ्रिअरचंच नाव द्यायचं चाललं होतं. बसणारही होतं ते भायखळ्याला राणीच्या बागेत, पण १८६४ ला उभं राहिलं फोर्टात, जुन्या किल्ल्याचा चर्च गेट होता त्या जागी. आणि हौस कसली, खर्चातला मोठा वाटा करसेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थाने दिलेला.

पाडलं म्हणणाऱ्याने एकदा चर्चगेटला उतरून पंधरा मिनिटं चालत जावं, बास. कारंजं जागच्या जागी आहे. वर्षानुवर्षं त्या पोर्टलँड दगडावर पांढऱ्या ऑइल पेंटचे थरावर थर चढवले होते, ते खरवडून २०१९ ला मूळ रूपात परत सुरू केलं. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, ते हुतात्मा स्मारक, १९६१ चं. नाव बदललं ते चौकाचं, कारंज्याचं नाही.

आता १०६ चा आकडा, आणि इथे मात्र चिडचिड होते, कारण हे आपल्याच लोकांचं आहे आणि आपल्यालाच धड माहीत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, त्यात १५ जण गेले. बाकीचे बहुतेक जानेवारी ५६ मध्ये, मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार हे जाहीर झाल्यावर शहर पेटलं तेव्हाचे, गल्लीबोळांत मेलेले. सगळ्यांना एका दुपारी एका चौकात मारून टाकलं की त्या जानेवारीचा हिशोबच पुसला जातो.

राहिला अपमान. आमचे आजोबा गिरणीत होते, त्या मोर्चात होते, आणि शेवटपर्यंत "फाउंटनला गोळी चालली तेव्हा" असंच सांगायचे. त्यांना कोण जाऊन सांगणार होतं की आजोबा, चुकीचं नाव घेताय?