बेडूक खायचाच तर लठ्ठ बघून

आमच्या फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी कुणी साहेब लाच घेताना रंगेहाथ सापडल्याची बातमी येते. खाली मामाची ठरलेली ओळ: ‘एवढा शिकलेला माणूस, आणि असं?’ मग मला टोमणा: ‘तुमच्या आफ्रिकेत तर काय, राजरोस!’

मी नैरोबीत राहतो. इथे पोलीस ‘चाय’ मागतो, तिकडे ‘चहापाणी’. टोमणा मारण्याइतका फरक मला तरी दिसत नाही. पण मामाच्या पहिल्या ओळीला उत्तर आहे, लेखक चिनुआ अचेबेंच्या ‘नो लाँगर अ‍ॅट ईज’मध्ये. १९६० ची कादंबरी, नायजेरियातली. (केनियातली नव्हे, मामाला आफ्रिका हा एकच देश वाटतो.) ती कोर्टातच सुरू होते आणि न्यायाधीशाला नेमकं मामासारखंच कोडं पडलेलं असतं.

कादंबरीचा नायक ओबी. तोच कोर्टातला आरोपी. तो इंग्लंडात शिकतो तो गावकऱ्यांच्या संघाने दिलेल्या ८०० पौंडांवर. हे कर्ज आहे, फेडायचंय. लागोसला शिष्यवृत्ती मंडळात नोकरी लागते, ओबी सुरुवातीला लाच ठामपणे नाकारतो. पण साहेब झाला म्हणजे गाडी हवी, गाडीचा विमा हवा; भावाची फी, आईचं आजारपण आहेच. त्याआधी गावी जाताना लॉरी अडवली जाते. ड्रायव्हरचा साथीदार पोलिसाला दोन शिलिंग देणार, एवढ्यात ओबी टक लावून बघतो. पोलीस चपापतो आणि मग दहा उकळतो. लॉरीतले सगळे ओबीवरच उखडतात. प्रामाणिक माणूसच इतरांना अडचण वाटतो हे मी इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे वाचलेलं नाही.

पकडला जातो तो फक्त वीस पौंडांसाठी. संघाच्या बैठकीत खंत कशाची? बेडूक खायचाच होता, तर चांगला लठ्ठ तरी बघायचा!

अचेबे ओबीला सोडत नाहीत, मीही सोडणार नाही; सही शेवटी त्याचीच. पण त्या बैठकीत आमचीही माणसं मला दिसतात. आतेभाऊ परीक्षा पास झाला तेव्हा पेढा तोंडात असतानाच मामाने विचारलं होतं, ‘खातं कोणतं मिळणार? महसूल ना?’

परवा मताटूत (इथली खासगी मिनीबस) कंडक्टरने पोलिसासाठी दुमडलेली नोट खिडकीतून बाहेर सरकवली. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.